पंचनामा झाल्याशिवाय हात लावायचा नाही

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी देवाचं नाव घेतलं आणि सगळं ऑफिस बंद पाडलं.

झालं असं, की माझा कॉम्प्युटर क्लास बसला. लोक टायपिंगसुद्धा मोबाईलवर अंगठ्याने शिकायला लागले, तर क्लास बसणारच. मग पन्नाशीच्या तोंडावर मला नगरात, सावेडीला, एका छोट्या कंपनीत मोबाईलची ॲप्स बनवायची नोकरी लागली. मालक माझ्याच क्लासचा जुना विद्यार्थी. त्याने मला दया म्हणून घेतलं की स्वस्तात पडतो म्हणून, हे मी अजून विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी ॲपचा सगळा कोड माझ्या कॉम्प्युटरवर आला. आता आमच्या घरात लग्नपत्रिका असो नाहीतर वाण्याची यादी, माथ्यावर ‘श्री’ लिहिल्याशिवाय पुढचं अक्षर उमटत नाही. मी नवा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, ‘॥ श्री ॥ नवीन काम’. शुद्ध मराठीत. त्याच्या पोटात कोड ठेवला, मनातल्या मनात हात जोडले आणि ॲप तयार करायचं बटण दाबलं.

पडदा तांबड्या ओळींनी भरून गेला.

घाबरल्यावर माणूस जे जे करतो ते सगळं मी केलं. दिसेल ते पुसलं. पुसलेलं परत टाकलं. इंटरनेटवर कुणीतरी कुणाला तरी सांगितलेल्या चार आज्ञा जशाच्या तशा आणून चिकटवल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ओळी वाढल्या. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, ‘‘हात वर.’’

मी खरोखर हात वर केले.

‘‘आता कुनी कशाला हात लावायचा न्हाई,’’ तो आवाज म्हणाला. ‘‘पंचनामा व्हायचाय.’’

हे आमचे सीनियर. नाव सांगत नाही, कारण हे वाचून ते मला फोन करतील आणि कितव्या ओळीत काय चुकलंय ते वरून खाली ऐकवतील. ऑफिस त्यांना ‘सर’ म्हणायचं. ते मला ‘मास्तर’ म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. उंच, वाळकुडे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा कायम कपाळावर. घर पुणतांब्याचं. वडील गावचे पोलीस पाटील होते. कुणाच्या वस्तीवर चोरी झाली, विहिरीत काही तरंगताना दिसलं, की तालुक्याहून पोलीस येईपर्यंत तिथं काठी टेकून उभं राहायचं आणि कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, हे त्या वडिलांचं काम. लेक इंजिनियर झाला, पुण्यात नोकऱ्या करून परत नगरला आला, पण ती काठी काही त्याच्या हातातून सुटली नाही.

लिहिलेल्या कोडपासून फोनवर चालणारं ॲप तयार होणं, याला आमच्याकडे बिल्ड म्हणतात. आमचं काम असं, की कोड एकदाच लिहायचा आणि त्याच्यातूनच अँड्रॉइडचं ॲपही काढायचं आणि आयफोनचंही. एकाच कणकेतून पोळी आणि पुरी. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पोळी फुगली की पुरी करपते, पुरी साधली की पोळी तव्याला चिकटते, आणि आपण बसतो कणकेला शिव्या देत. जगातली इतर ऑफिसं अशा वेळी काय करतात ते मी नंतर चौकशी करून आलोय. ती ऑफिसं सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड करतात आणि चहा पितात. आमच्याकडे पंचनामा व्हायचा.

पंचनाम्याला दोन पंच लागत, आणि पंच कामातला नको, हा त्यांचा हट्ट. आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर. तेव्हा गिरणीवाल्या मावशी या आमच्या कायमच्या पंच, आणि दुसरा पंच म्हणजे त्या वेळी खाली दळण घेऊन जो कुणी उभा असेल तो. माझ्या त्या पहिल्या दिवशी मावशी भुवयांपर्यंत पांढऱ्या होऊन वर आल्या, आणि त्यांच्यामागून बाजरीचा डबा कडेवर घेतलेल्या एक बाई.

‘‘मावशी, काय दिसतंय?’’ सर.

‘‘तांबडं दिसतंय.’’

‘‘किती?’’

‘‘लई.’’

‘‘वरून पहिली तांबडी ओळ कुठली? बोट ठेवा. आन् पुसू नका, पीठ लागू द्या.’’

मावशींनी बोट ठेवलं. ‘‘पन मला विंग्लिश येत न्हाई हां.’’

‘‘म्हनून तर बोलावलंय. ज्याला येतं तो वाचायच्या आधीच अर्थ लावतो. मास्तर, आता तुमी वाचा. मोठ्यानं. उभं राहून.’’

हा अपमान मी आजही विसरलेलो नाही. दोन तपं ज्याने पोरांना कॉम्प्युटर शिकवला, त्या माणसाने बाजरीच्या डब्यासमोर उभं राहून, इयत्ता तिसरीत धडा वाचावा तशी ती ओळ वाचली. ओळीत चक्क लिहिलं होतं, की तुमच्या फोल्डरच्या नावात इंग्रजी सोडून दुसरी अक्षरं आहेत, त्यामुळे बिल्ड बहुतेक होणार नाही. इतकं स्वच्छ. एखाद्या दुकानाच्या दारावर ‘आज बंद’ लिहावं तसं.

‘‘तांबड्या अक्षरात लिहिलंय ते काय दिवाळीचं लायटिंग म्हनून लिहिलंय का?’’ सरांचा आवाज चढला. ‘‘देवाचं नाव घ्या की, कोन नको म्हनतंय? पन रस्त्याच्या मधोमध देऊळ बांधू नका!’’

‘‘अवो, पन श्री लिहिलं ते बरंच केलं की त्यांनी,’’ बाजरीवाल्या बाई म्हणाल्या. त्या दिवशी माझ्या बाजूने बोललेलं तेवढं एकच माणूस.

सगळं ऑफिस तोवर हात बांधून उभं होतं, कारण पंचनामा चालू असताना दुसऱ्या कुणीही काम करायचं नाही. फोल्डरचं नाव बदललं, बिल्ड झालं. बाहेरून मालक आला आणि त्याने विचारलं, ‘‘का रे, सगळे उभे का? कुणी काय केलं?’’ मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, ‘‘फोल्डरच्या नावाची भानगड हुती. मिटली.’’

‘‘पण कुणाचा फोल्डर?’’

‘‘पंचनाम्यात नाव नसतं,’’ सर म्हणाले आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन कामाला लागले.

एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहायला तयार होतो. पण त्यांनी राहू दिलं नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मला इतका ताप दिला, की ऋण राहिलं बाजूला, मी रोज संध्याकाळी घरी आलो की बायकोला त्यांचं गाऱ्हाणं सांगायला बसायचो. ती ऐकून घ्यायची. कधीकधी तर हसायची, तेही माझ्या बाजूने नाही.

एकेक वाक्यच बघा ना या माणसाचं. ‘सगळं पुसून परत बिल्ड करू’ असं कुणी म्हटलं, की ते म्हणायचे, ‘‘अंगारा लावा. ताप कशानं आलाय ते बघू नका, अंगारा लावा.’’ इंटरनेटवरून उत्तर आणून चिकटवलं, की ‘‘हे शेजारनीनं सांगितलेलं औषध. तिच्या नवऱ्याला मूतखडा हुता, तुमचं डोकं दुखतंय.’’ आणि मी एकदा, फक्त एकदा, म्हणालो, ‘‘सर, माझ्या कॉम्प्युटरवर चालतंय.’’ त्यांनी खिडकी उघडली, खाली वाकून गिरणीपाशी उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याला हाक मारली, ‘‘थांब रे! मास्तरांचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकाकडं पोचवायचाय. टेबलासकट!’’ तो बिचारा खरंच वर आला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा आणखी एक जुलूम. एकदा बाहेरून आणलेल्या कोडच्या कुठल्याशा तयार तुकड्याची नवी आवृत्ती आली आणि आमचं आयफोनचं बिल्ड बसलं. मी म्हटलं, सगळेच तुकडे नवे करून टाकू, म्हणजे एकमेकांशी जमेल. ‘‘ट्रॅक्टर नवा, ट्रॉली जुनी, पिन बसंना,’’ सर म्हणाले. ‘‘म्हनून ट्रॅक्टर बदलायचा, ट्रॉली बदलायची, ऊस बी बदलायचा आन् ड्रायव्हर बी. मग बसली तर कशानं बसली ते कसं कळायचं? पिनीकडं बघा आदी.’’ आणि मग एक तुकडा बदलायचा, बिल्ड लावायचं, हात बांधून वाट बघायची. नाही झालं? तो तुकडा परत होता तसा करायचा, मग दुसरा. आयफोनचं बिल्ड ज्याच्यावर होतं तो आमच्याकडे एकच कॉम्प्युटर, आणि तो असा संथ, की बिल्ड लावून माणूस दिल्ली दरवाजापर्यंत जाऊन भेळ खाऊन येईल. संध्याकाळपर्यंत दोष सापडला. मी सगळं एकदम बदललं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. किंवा झालं नसतं. पण दुपारभर त्या माणसाच्या शेजारी बसून रिकाम्या पडद्याकडे बघण्यापेक्षा ते बरं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

ॲपवर आपली खूण उठवायची एक गुप्त किल्ली असते. ती हरवली की आपल्याच ॲपची नवी आवृत्ती आपल्याला लोकांपर्यंत पोचवता येत नाही. ती किल्ली त्यांनी एका पेनड्राइव्हमध्ये घालून काळ्या दोऱ्याने गळ्यात बांधली होती, ताईत बांधतात तशी. माझ्या पुतणीच्या लग्नात ते जेवायला बसले असताना ती आमटीच्या वाटीत गेली. सगळी पंगत थांबवून, यजमानांकडून कोरडा टॉवेल मागवून, त्यांनी ती पुसली आणि फुंकरून फुंकरून सुकवली. मुलाकडची माणसं मला विचारत होती, हे कोण, भगत आहेत का? आता ती किल्ली मालकाच्या टेबलाच्या खणात असते, दोऱ्यासकट. ते मी पुढे सांगतो.

आणि असं समजू नका की त्यांचं नेहमी बरोबरच यायचं. एकदा माझा फोन काही केल्या कॉम्प्युटरला दिसेना. सरांनी पंच बोलावले, जबाब घेतले, माझ्या कोडचं पान न् पान उलटं केलं, माझी अर्ध्या दिवसाची रजा खाल्ली. दोष निघाला तारेत. ती तार नुसती चार्जिंगची होती. वीज जायची, बाकी काही जायचं नाही. मला मनातून इतका आनंद झाला की काय सांगू. आता बघू या म्हटलं कसे सावरून घेतात. तर सर उठले आणि एसटी स्टँडवर गाडी पुकारावी तशा आवाजात म्हणाले, ‘‘चूक माझी! तार तपासायची राहिली!’’ खालून मावशींनी विचारलं, ‘‘काय झालं वो?’’ तर खिडकीतून वाकून परत एकदा, ‘‘चूक माझी!’’ मग कात्री घेतली आणि ती तार मधोमध कापली, पुन्हा कुणाला फसवू नये म्हणून. तार मालकाची होती. त्याची तिकडे गाडीत चार्जिंगला शोधाशोध.

अशा माणसावर धड चिडताही येत नाही, याचीच मला जास्त चीड यायची.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना माझा आवाज अजून चढतो, म्हणून घरात मला ती सांगू देत नाहीत.

कोपरगावकडच्या एका डेअरीसाठी आम्ही ॲप केलं होतं. गाय अडली, म्हैस आजारी पडली, की दूध घालणाऱ्याने मोबाईलवर एक बटण दाबायचं, आणि डेअरीच्या जनावरांच्या डॉक्टरच्या फोनवर घंटी वाजायची, कुठल्या गावात कुठल्या वस्तीवर यायचं त्यासकट. डेअरीच्या हॉलमध्ये सभासदांसमोर ते दाखवायचं होतं. पसंत पडलं तर काम आमचं. मालक गाडी चालवत होता, सर पुढे, मी मागे. राहुरी सोडल्यावर मालक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, ‘‘काका, सर, स्पष्टच सांगतो. हे काम मिळालं तरी मला दोघांना ठेवणं झेपणार नाही. एकालाच ठेवणार. आज कोण काय करतं ते बघू.’’

हे सांगायची जागा होती का ती? ही पद्धत झाली का? माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा! पोरीची इंजिनियरिंगची फी डोळ्यांपुढे आली. सरांनी राहात्याला गाडी थांबवायला लावली, पेरू घेतले, मीठ-तिखट लावून एक कापून घेतला आणि कोपरगावपर्यंत तो चवीने खाल्ला. मला एक फोड दिली.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत चेअरमन, डॉक्टर, चेअरमनचा पुतण्या. मागे दूध घालणारी सगळी माणसं, निम्म्या बाया. लिंक पाठवली, सगळ्यांनी ॲप उतरवून घेतलं. मालकाने माईकवर सांगितलं, ‘‘आता चेअरमनसाहेब बटण दाबतील.’’ साहेबांनी दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. डॉक्टर आपल्या मुक्या फोनकडे बघत बसले. मागच्या लोकांनी दाबलं. सगळीकडे चक्र. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला, आणि सगळ्यांनी माना वळवल्या, तर बटण दाबणारा निघाला चेअरमनचा पुतण्या. त्याच्याकडे आयफोन.

मागून एक म्हातारी उठली. ‘‘हे बरंय! ज्याच्या दारात गाय न्हाई त्याच्याकडं डाक्टर निघाला!’’

हॉल हसला. मालकाचा चेहरा उतरला, आणि तो माझ्याकडे वळला. ‘‘काका, लोकांना पाठवायची शेवटची फाईल तुम्हीच बनवलीत ना काल? काय घोळ घातलाय?’’ माईक चालूच होता. माझा घोळ हॉलच्या चारी भिंतींवरून घुमून परत माझ्या कानात आला.

मी काहीतरी बोलणार, एवढ्यात सर मंचावर चढले. ‘‘कुनी कशाला हात लावायचा न्हाई!’’

मला वाटलं, संपलं. आता इथंही!

त्यांनी त्या म्हातारीला पुढे बोलावलं आणि तिच्या शेजारच्या टोपीवाल्या आजोबांना. ‘‘तुमी पंच. आजी, तुमच्या फोनवर काय दिसतंय?’’

‘‘चक्कार फिरतंय.’’

‘‘आजोबा, मास्तरांच्या फोनवर काय दिसतंय?’’

‘‘हितं तर लागलं की! डाक्टरचा फोन वाजतोय.’’

‘‘मास्तरांचा फोन बी अँड्रॉइड, आजींचा बी अँड्रॉइड. मास्तर, तुमच्या फोनवर ॲप कुठून आलं?’’

मी म्हणालो, ‘‘ऑफिसात तारेने घातलेलं. चाचणीचं.’’

‘‘आजींच्या?’’

‘‘लिंकवरून. शेवटच्या फाईलचं.’’

‘‘म्हंजे आयफोनला चालतंय, अँड्रॉइडच्या चाचणीच्या ॲपला चालतंय. नुस्तं अँड्रॉइडच्या शेवटच्या फाईलला चालत न्हाई.’’ चेअरमन घड्याळ बघायला लागले. मालक दात खाऊन म्हणाला, ‘‘सर, लोक बसलेत.’’ सर लॅपटॉप उघडून बसले. एक फाईल वरून खाली वाचली. मग परत वर गेले आणि एका जागी थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्यांचा चष्मा नाकावर होता, तो त्यांनी हळूच कपाळावर सरकवला. वाचायचं संपल्यावर ते तसं करायचे.

माईक त्यांच्यासमोरच होता.

‘‘अँड्रॉइडच्या ॲपला इंटरनेट वापरायची परवानगी लिहून द्यावी लागते,’’ ते म्हणाले. ‘‘चाचणीच्या ॲपला ती आपोआप मिळती. शेवटच्या फाईलला मिळत न्हाई, तिथं आपन लिहायची. हितं ती ओळ हुती. फाईल साफसूफ करताना काढली गेली. चाचणीत चाललं, म्हनून ध्यानात आलं न्हाई.’’

‘‘कुणी काढली?’’ मालक परत माझ्याकडे बघत.

इथं थांबायचं होतं हो. पंचनाम्यात नाव नसतं, हे या माणसाचं ब्रीद. ते म्हणाले असते ‘नाव नसतं’, तर प्रश्न मिटला असता. काहीच बोलले नसते तरी मालक माझ्यावर घसरलाच होता, म्हणजे त्यांच्यापुरता प्रश्न मिटलाच असता. मीसुद्धा तयारीत होतो. सगळ्या हॉलसमोर अन्याय सहन करायची एक पोज माझ्याकडे तयार होती.

‘‘मी काढली,’’ सर म्हणाले. ‘‘चूक माझी.’’

तेच, एसटी स्टँडवरच्या आवाजात. आणि माईकवर.

मग ओळ परत घातली, बिल्ड लावलं. तेवढ्या वेळात डेअरीने सगळ्यांना मसाला दूध दिलं. नवी लिंक गेली. म्हातारीने बटण दाबलं आणि पहिल्या रांगेत डॉक्टरांचा फोन वाजला. ‘‘आजी, गाईला काय झालंय?’’ डॉक्टरांनी तिथूनच विचारलं. ‘‘कायबी न्हाई झालं,’’ म्हातारी म्हणाली, ‘‘तुमी येता का तेवढं बघितलं.’’ टाळ्या झाल्या. चेअरमन खूश. काम आम्हाला मिळालं.

आणि बाहेर, डेअरीच्या आवारात, दुधाचे कॅन धुण्याच्या आवाजात, मालक सरांना म्हणाला, ‘‘सर, एकाला ठेवणार म्हटलं होतं. माझ्यापुढे पेच होता. तुम्हीच आज तो सोडवलात.’’

सरांनी गळ्यातला दोरा काढला आणि पेनड्राइव्ह त्याच्या हातात दिला. ‘‘पान्याजवळ नेऊ नका,’’ म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी मालकाला अरे-तुरे केलं, क्लासमध्येही कधी केलं नव्हतं इतकं. ‘‘अरे, हा माणूस गप्प बसला असता तर तुला जन्मात कळलं नसतं चूक कुणाची ते!’’

‘‘तेच म्हणतोय ना काका,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘आता कळलं.’’

मी दुसऱ्या दिशेला वळलो आणि सरांवरच घसरलो. ‘‘आणि तुम्ही! ओळ नाही एवढं सांगून थांबायचं होतं! पंचनाम्यात नाव नसतं, तुम्हीच म्हणता ना?’’

‘‘दुसऱ्याचं नसतं,’’ सर म्हणाले. ‘‘सोताचं सांगायला कुनाची बंदी न्हाई.’’

‘‘पण नोकरी...’’

‘‘मास्तर, तुमाला पंच केलं हुतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गप ऱ्हावा.’’

आणि ते चालायला लागले. पुणतांबा तिथून जवळ, म्हणाले, इथूनच घरी जातो. फाटकाशी ती म्हातारी उभी होती. तिच्या फोनमधलं अक्षर मोठं करून देत ते काही वेळ थांबले, मग एका भरलेल्या रिक्षात बाहेरच्या फळीवर टेकून गेले. मागे वळूनबिळून बघितलं नाही. ती सवयच नव्हती.

हल्ली ते घरी बसूनच कुठल्यातरी दूरच्या कंपनीचं काम करतात असं ऐकतो. शेजारपाजारचे लोक पंच म्हणून जात असणार, बिचारे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बायकोसमोर सगळं परत एकदा उभं केलं. मालकाचा आवाज काढला, म्हातारीचा काढला. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, हा काय न्याय झाला? खरं बोलला त्याला घरी बसवतात! आणि हा माणूस तरी काय, मला विचारायचं तरी, माझ्यावर उपकार करायचा याला अधिकार कुणी दिला? असं मी बराच वेळ बोलत होतो. घड्या संपल्या.

‘‘म्हणजे,’’ बायको म्हणाली, ‘‘आता त्या ऑफिसात ‘चूक माझी’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. ते तुम्हालाच बघावं लागणार.’’

‘‘बघेन की,’’ मी ताठ होऊन म्हणालो.

‘‘मग आजच सुरुवात करा,’’ ती म्हणाली. ‘‘मिक्सरच्या भांड्याचं झाकण कुणी तोडलं?’’